अमेरिकेतला पाचचा भोंगा

संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही इतकी वर्षं मास्तरकी केलीत, तेव्हा दिवाळी अंकासाठी आपल्या आदर्श विद्यार्थ्यांच्या हृद्य आठवणी लिहून पाठवा. आता मला आदर्श विद्यार्थी भेटला असता तर मी लिहिलं असतं. मला भेटले ते माणसांसारखे विद्यार्थी. माझ्या आठवणी निम्म्या डोकेदुखीच्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या त्या डोकेदुखीवर हेडमास्तरांनी सुचवलेल्या उपायांच्या. त्यातली एक लिहितो. हृद्य निघाली तर संपादकांचं नशीब.

मी कारंज्याच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत असे. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा आमचं सगळं अकोल्याला चाले. सन पन्नासनंतरची पहिली काही वर्षं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी तेव्हा मिरवत होतो आणि अजूनही मिरवतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. बाप मी सहावीत असताना गेला. माय जिनात रेच्यावर बसायची. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. जिनात असे रेचे ओळीनं मांडलेले असतात आणि एकेका रेच्यापुढे एकेक बाई बसून दिवसभर हातानं कापूस भरवते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत हेच. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. मी बी.ए. झालो त्या वर्षी तिनं मला मनगटावरचं घड्याळ घेऊन दिलं. तिला स्वतःला ते वाचता येत नव्हतं.

नोकरी लागली ती दोन वर्षांच्या अटीवर. दोन वर्षांनी शाळा समिती बसेल, तुमचं काम पाहील, आणि मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवील. मी कायम झालो की माय रेचा सोडणार, असं आमचं ठरलं होतं. तिला खोकला धरला होता. मी आत्ताच सोड म्हणालो तर म्हणायची, "तुही खुर्ची पक्की होऊ दे बापा आधी. तीन पायाच्या खुर्चीवर म्या नाही बसत."

तर हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. समितीचे अध्यक्ष होते बापूसाहेब, आणि माय ज्या जिनात बसायची ते जीनही बापूसाहेबांचंच.

आता माझा धंदा काय ते सांगतो. इतिहास शिकवणं म्हणजे सनावळ्या घोकून घेणं, असं लोकांना वाटतं. हेडमास्तरांनाही वाटे. माझं म्हणणं असं, की पोरांनी जे पाहिलेलं नाही ते त्यांनी पाहिलेल्या वस्तूत घालून दाखवावं लागतं. नाहीतर ते त्यांच्या डोक्यात जात नाही, वहीत जातं. नववीला जगाच्या इतिहासात एक धडा होता: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची अमेरिका, तिथले कारखाने आणि समाज. पुस्तक कुणीतरी इंग्रजीवरून उतरवलेलं. पहिलंच वाक्य असं होतं: "यांत्रिक उत्पादनपद्धतीच्या सर्वंकष विस्ताराने तेथील समाजजीवनाची घडी आमूलाग्र पालटली." मी एका पोराला विचारलं, याचा अर्थ काय? त्यानं ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, आणि पुढचं परिच्छेदभर म्हणत गेला. शेवटी "आकृती चार पाहा" हेही म्हणाला. पुस्तकात आकृती चार नव्हती.

बरं, नकाशा पाहावा तर शाळेतला जगाचा नकाशा कसरीनं खाल्लेला. नेमकी शिकागोच्या जागी आरपार भोक, त्यातून मागची भिंत दिसायची. मी छडीनं भोक दाखवून म्हणायचो, हे शिकागो. पोरं ते मनापासून मान्य करायची.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. अमरावतीहून एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं, रात्र रात्र न जागता दुपारच्या सुट्टीत वाचलं, आणि धडा कारंज्यात आणून बसवला. तिकडे दोन्ही समुद्रांना जोडणारी रेल्वे झाली, ती सांगताना आमची मूर्तिजापूरची छोटी गाडी घेतली. पोरांना ती गाडी इतकी ठाऊक, की एक जण म्हणाला, "सर, थे अमेरिकेची गाडीबी लेटच राह्यत असन." एकेका माणसानं तेलाचे सगळे कारखाने आपल्या मुठीत घेतले, ते सांगताना म्हणालो, समजा कारंज्यातल्या सगळ्या किराणा दुकानांचा मालक एकच झाला. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, "मंग भाव कोणासंगं करावा, सर?" मी म्हणालो, तेच अमेरिका विचारत होती. सांगतो, असा प्रश्न आला की मास्तरला आठ दिवस जेवण गोड लागतं.

पण ही पद्धत अंगाशीही येते. शिकागोत मांसाचे प्रचंड कारखाने होते. जनावर एका टोकाला शिरायचं, आणि पुढं ओळीनं उभा असलेला एकेक मजूर दिवसभर फक्त एकेकच काम करायचा. कामाची ही वाटणी फार महत्त्वाची, पुढच्या सगळ्या कारखान्यांचं बी त्यात आहे. मी ते रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिराचंदशेठ शाळेत हजर. कापडाचं दुकान, जैन मंदिराच्या गल्लीत घर, स्वभावानं अत्यंत सरळ. पोरगी कालपासून जेवली नाही म्हणाले. मी म्हणालो, शेठजी, हा इतिहास आहे. ते म्हणाले, "मास्तर, इतिहास है, मंजूर. पण तुमी थे इतकं कायले समजावून सांगता? थोडं कमी समजलं तं चालते न." हेडमास्तरांनी मला बोलावून हेच पुन्हा सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत. पुढचा भाग मी शिकागोऐवजी बुटाच्या कारखान्यावर शिकवायला घेतला, आणि अर्ध्यावर आठवलं की बूटही चामड्याचा असतो. शेवटी कुलपांचा कारखाना घेतला.

आता भोंग्याकडे येतो.

आमच्या शाळेला घड्याळ नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते ऑफिसात कपाटावर उताणं पडलेलं असे आणि त्यात खडू ठेवत. शाळा चाले जिनाच्या भोंग्यावर. अकराचा भोंगा झाला की गणपत शिपाई घंटा द्यायचा, पाचचा झाला की सुट्टीची. कारंजंच त्या भोंग्यावर चाले. लोक त्यावर जेवत, दुकानं उघडत, औषधं घेत. आणि हंगामात पाचचा भोंगा पाचला होत नसे. जिनाच्या ऑफिसात घड्याळ होतं, त्याचा काटा मुनीमजी रोज दुपारून थोडा मागं घ्यायचे आणि सकाळी पुन्हा जागेवर आणायचे. दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट जास्त, असं करत करत पौषापर्यंत पाचचा भोंगा पाच पंचवीसला येऊन ठेपायचा. कुणाच्या लक्षात येत नसे असं मी समजत होतो. माझ्या लक्षात आलं कारण माझ्या मनगटावर घड्याळ होतं, आणि ते मी दर आठवड्याला स्टेशनावर जाऊन लावून आणायचो. आमची गाडी कितीही उशिरा येवो, स्टेशनाचं घड्याळ खरं. रोज दुपारी चारला तारेवरून त्याला वेळ यायची.

तर अमेरिकेचा तो धडा. त्यात एक भाग वेळेचा होता. पूर्वी तिथं गावोगाव आपापली वेळ होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा. रेल्वे आली आणि तिला हे परवडेना, तेव्हा कंपन्यांनी सगळ्या देशाचे चार पट्टे पाडले आणि एका दिवसात गावोगावची घड्याळं बदलून टाकली. कित्येक गावं कुरकुरली, की आमचे बारा तुम्ही कोण ठरवणार? आणि कारखान्यांत काय, तर कामाचे तास घड्याळावर. घड्याळ मालकाचं. कुठं कुठं तर मजुरानं स्वतःचं घड्याळ आत आणायचं नाही. मग मजूर म्हणू लागले, आठ तास काम, आठ तास झोप, आणि आठ तास आमचे. त्यासाठी मिरवणुका निघाल्या, संप झाले, शिकागोत माणसं मेली.

मी हे सांगत होतो. शेवटचा तास होता. पोरं चुळबुळ न करता ऐकत होती, म्हणून मीही चढलो होतो. तेवढ्यात भोंगा झाला. मी हात वर केला, बाही मागं सारली, घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "पाच वाजून पंचवीस मिनिटं."

बस. एवढंच बोललो. पुढं एक शब्द नाही. वर्ग एकदम हसला, आणि मग पोरं खिडकीतून जिनाच्या धुराड्याकडे पाहू लागली. चाळीसातल्या बारा-पंधरा जणांच्या आया त्या क्षणी रेच्यावरून उठत होत्या. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात क्रांती वगैरे काही नव्हतं. मला घड्याळ दाखवायचं होतं. पहिलंच घड्याळ मिळालेल्या माणसाला वेळ सांगायची फार हौस असते.

घरी मायला हे सांगितलं, की तुमचा भोंगा पंचवीस मिनिटं मागं आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का? ती भाकर थापत होती. वर न पाहता म्हणाली, "धुराड्याची सावली चिंचेच्या बुडाले लागली का पाच होते. संक्रांत झाली का सावली कुंपणाकडं सरकते, मंग तिसरा खांब. आमाले माहीत नाही तं कोणाले माहीत राहीन? तू आज शिकला काय हे?"

मी विचारलं, मग कुणी बोलत काहून नाही? ती म्हणाली, एकीनं बोलून पाह्यलं होतं. थे आता दुसऱ्या गावी सरकी वेचते.

पुढं सहामाही परीक्षा आली. इतिहासाच्या पेपरात मी प्रश्न घातला: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांमुळे अमेरिकेतील मजुरांच्या जीवनात कोणते बदल झाले? दहा गुण. गठ्ठा घरी आणला, दिव्याखाली नव्हे, रविवारी सकाळी अंगणात बसून तपासायला घेतला. पहिल्या पेपरात होतं, "अमेरिकेत बायका रेच्यापुढे बसत." म्हटलं, असेल एखादा गाढव. दुसऱ्यात, "अमेरिकेतील कापूस बैलगाड्यांनी कारंजास येई." तिसऱ्यात, "अमेरिकेतील लहान लेकरांस रुईच्या गंजीमागे निजवून त्यांच्या आया काम करीत. लेकरू रडल्यास मुकादम ओरडे." चौथ्यात, "अमेरिकेत मुनीमजी हळूच काटा मागे करी." आणि महादेव ढोके नावाच्या पोराच्या पेपरात, ज्याची आई माझ्या मायच्या शेजारच्या रेच्यावर बसायची, ओळ होती: "अमेरिकेत पाचचा भोंगा पाच पंचवीसला होतो. अमेरिकन मजुरांना हे सावलीवरून कळते, परंतु ते बोलत नाहीत, कारण बोलल्यास हजेरीतून नाव कापतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी कारंज्याचा दाखला देऊन अमेरिका शिकवली होती. पोरांनी दाखला तेवढा ठेवला आणि अमेरिका टाकून दिली. चाळीसपैकी एकतीस पेपरांत हेच. उरलेल्या नवांत "समाजजीवनाची घडी आमूलाग्र पालटली". त्यात हिराचंदशेठची पोरगी, जिनं मांसाचा कारखाना गाळून बाकी सगळं पाठ लिहिलं होतं.

गुण काय द्यायचे? तुम्ही म्हणाल, चूक ते चूक, शून्य द्या. मी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि एकेक मुद्दा पाहू लागलो. बायकांची मजुरी, बरोबर. लेकरांची आबाळ, बरोबर. मालकाच्या हाती वेळ, बरोबर. बोलेल त्याचं नाव कमी, तेही बरोबर, माझ्या जाड पुस्तकात होतं. फक्त गाव चुकलं होतं. मी दहापैकी पाच-सहा देत गेलो. महादेवला सात दिले. हेडमास्तरांनी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "वानखडे, भूगोल चुकला पण इतिहास बरोबर आहे, असं म्हणायचं का मी समितीपुढे?"

 आमच्या शाळेची एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या शाळेत मी पाहिली नाही. सहामाहीचे सगळे गठ्ठे समितीच्या बैठकीत टेबलावर मांडून ठेवत. सभासदांनी यावं, वाटेल तो पेपर उचलावा, अक्षर पाहावं, चहा घ्यावा. बहुतेक सभासद आपल्या पोराचा पेपर काढून पाहत आणि चिवडा खात. आणि त्याच बैठकीत माझ्या कायम होण्याचा कागद होता.

मी हेडमास्तरांना म्हणालो, नववीचा गठ्ठा उंदरानं खाल्ला म्हणू. ते म्हणाले, मागल्या वर्षी गणिताचा उंदरानं खाल्ला आहे.

बैठक झाली. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो, गणपत चहाचे कप नेत होता. येता-जाता तो मला आतल्या बातम्या देत होता. पहिल्यांदा म्हणाला, "अजून पाचवीचेच पाहून राह्यले." दुसऱ्यांदा म्हणाला, "आता नववीचा घेतला, मास्तर." तिसऱ्यांदा कप तसेच भरलेले परत घेऊन आला. मग मला आत बोलावलं.

बापूसाहेबांच्या हातात महादेवचा पेपर होता. चांगलं अक्षर म्हणून उचलला असणार. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, सावकाश, एकेक शब्द. खोलीत कुणी चिवडा खाईना. बापूसाहेब रागावणारे गृहस्थ नव्हते. आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नाही. त्यांना गरजच पडत नसे.

"वानखडे, हे अमेरिकेतलं आहे ना?"

"हो. प्रश्न अमेरिकेवरच होता."

"म्हणजे अमेरिकेत असं होत होतं."

"होत होतं. पुस्तकात आहे."

"आणि आपल्याकडं?"

ते माझ्याकडे पाहत होते. बाकी सगळे कपबशीत पाहत होते. मला काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मनगटावर घड्याळ होतं. ज्या बाईनं ते दिलं ती त्या वेळी तिकडे रेच्यावर खोकत बसली होती, आणि या एका वाक्यावर तिचं उठणं होतं.

मी म्हणालो, "आपल्याकडचं मी शिकवलेलं नाही."

शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

बापूसाहेबांनी मान हलवली. पेपर गठ्ठ्यात नीट परत ठेवला. म्हणाले, पोरांचं बरोबर आहे, शाळा भोंग्यावर चालवणं योग्य नाही, शाळेला स्वतःचं घड्याळ पाहिजे. ते आपण देऊ. सभासदांनी वा वा केलं. मग त्यांनी माझ्या कागदावर सही केली. मी बाहेर आल्यावर गणपतनं माझ्याकडे पेढा मागितला.

संक्रांत उलटल्यावर घड्याळ आलं. भिंतीवरचं, लंबकाचं, काचेवर नक्षी. बापूसाहेबांचं देणं म्हणून ऑफिसच्या दारावर लागलं. गणपत पहिल्याच दिवशी स्टेशनावर जाऊन खरी वेळ घेऊन आला. आता आमची शाळा पाचच्या ठोक्याला पाचला सुटू लागली. मला वाटलं, चला, निदान अर्धं काम झालं. जिनाचं नाही तर नाही, शाळेचं तरी घड्याळ खरं झालं. मायला मी जीन सोडायला सांगितलं. ती म्हणाली, अर्ध्या हंगामात रेचा सोडत नसतात, होळीपर्यंत बसते.

आठ-दहा दिवसांनी ती घरी आली ती तोंड फुगवून. हातपाय धुतले, बसली, पाणीही मागितलं नाही. मी विचारलं, काय झालं?

"काय होईन? तुह्या शाळेचे लहाने लहाने लेकरं फाटकापाशी बसून राह्यतात. घराच्या चाब्या आमच्या कमरेले. तिकडच्या वस्तीवरचे लेकरं तं एकटे जाऊबी शकत नाही, नाला लागते. आधी भोंगा व्हायचा, तुमची घंटी व्हायची, फाटकावर मायलेकरं भेटायचे न संगं घरी जायचे. आता तुमी पाचले सोडता न आमाले पंचवीस मिनटानं. मधात लेकरायनं काय करावं? चांगलं केलं बापा तुमी शिकेल लोकायनं."

मी म्हणालो, अगं पण आता वेळ खरी आहे.

"खरीले काय चाटावं?"

मला राग आला. तिचा आला, बापूसाहेबांचा आला, महादेवचा तर फार आला. दोन वर्षं घसा फोडून मी जे शिकवलं त्याचा हा निकाल, की चुकीच्या वेळेवर निदान सगळे एकत्र चुकत होते, आणि खऱ्या वेळेनं मायलेकरांची ताटातूट केली. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर मुद्दाम जिनाच्या फाटकावरून गेलो. पाचवी-सहावीची वीस-पंचवीस पोरं दप्तरं मांडीवर घेऊन धुळीत बसलेली. समोर कापसाच्या गाड्यांची रांग, बैल, हाकणाऱ्यांची ओरड. मला पाहून पोरं उठून उभी राहिली, नमस्ते सर म्हणाली. मी त्यांना काय सांगणार होतो? बसा म्हणालो.

त्याच आठवड्यात रांगेतला एक बैल बुजला. गाडी वाकडी झाली आणि फाटकाकडे ओढली गेली. पाचवीतली एक पोरगी वेळेवर मागं सरकली, पण तिचं दप्तर चाकाखाली गेलं. पाटीचा भुगा. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. तिची आई पंचवीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा पोरीनं तिला फक्त पाटी फुटल्याचं सांगितलं आणि वर एक चापट खाल्ली. मला हे मायनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी गणपतला ऑफिसातला स्टूल आणायला सांगितलं. हेडमास्तर जेवायला गेले होते. मी स्टुलावर चढलो, घड्याळाची काच उघडली, आणि मोठा काटा बोटानं मागं सरकवू लागलो.

गणपत खालून म्हणाला, "मास्तर, हे तं मुनीमजी करते."

"स्टूल धर नीट."

"धरला हाये. म्या म्हणतो, हेच तं मुनीमजी करते."

मी पंचवीस मिनिटं मोजून काटा सोडला आणि काच लावली. त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि त्याबरोबर आमची घंटा. पोरं फाटकापर्यंत पोहोचली तेव्हा बाया बाहेर पडत होत्या. पुढं गणपतच रोज दुपारून काटा मागं घ्यायचा, सकाळी जागेवर आणायचा आणि भोंगा सरकेल तसं मिनिट जुळवायचा. त्याला शिकवावं लागलं नाही. होळी झाली, रेचे बंद पडले, की आम्ही स्टेशनावरून वेळ आणून घड्याळ पुन्हा खरं करायचो. दिवाळीनंतर पुन्हा मागं. हेडमास्तरांना हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि स्वतःचं खिशातलं घड्याळ त्यांनी शाळेत आणणं बंद केलं.

नववीला तो धडा मी पुढच्या वर्षीही शिकवला. दाखले न देता शिकवला. मालकाच्या घड्याळाचा भाग आला तेव्हा तो फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायला दिला. पोरांनी पेपरात "घडी आमूलाग्र पालटली" असं सुरेख लिहिलं आणि मी त्यांना आठ-आठ गुण दिले. महादेव तेव्हा दहावीत होता. वर्गाबाहेरून जाताना त्यानं एकदा दारात थांबून ऐकलं आणि निघून गेला. त्याच्या त्या थांबण्याचा मला अजून राग आहे. विचारायचं होतं तर आत यायचं होतं.

त्याच हंगामात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पालक आले होते, माय पण आली होती, पुढच्या सतरंजीवर. तिनं रेचा सोडून वर्ष होत आलं होतं, खोकला मात्र सोडून गेला नव्हता. बापूसाहेब भाषणाला उठले. शाळेच्या प्रगतीबद्दल बोलले, इमारतीबद्दल बोलले. तेवढ्यात बाहेर जिनाचा भोंगा झाला आणि ऑफिसच्या दारावरच्या घड्याळानं पाच ठोके दिले. बापूसाहेब थांबले. ते घड्याळाकडे वळून पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर सभेकडे वळून म्हणाले, "पाहा. आपल्या शाळेचं घड्याळ आणि आपला भोंगा, मिनिटाचा फरक नाही."

टाळ्या झाल्या. मी शिक्षकांच्या रांगेत बसलो होतो आणि मीही वाजवल्या.

घरी येताना माय म्हणाली, तिला भाषण नीट ऐकू आलं नाही. "टाळ्या कायच्या होत्या बापा?"

मी म्हणालो, घड्याळ बरोबर आहे म्हणून.

ती दोन पावलं चालली. मग म्हणाली, "कोणाचं?"

 घरी आल्यावर हातातलं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं आणि पाय धुवायला मागं गेलो.